बारीक कण भिंतीवर इतके का बसतात? भिंतीलगतच्या वेग-चढउतारांचं मॉडेल कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५० मिलिमीटर व्यासाचा, २ मीटर लांबीचा, उभा आणि आतून गुळगुळीत पाइप. त्यातून १० मीटर प्रति सेकंद वेगाने हवा जाते. हवेत ५ मायक्रॉनचे कण आहेत, घनता पाण्याइतकी. टर्ब्युलन्सचं, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीचं, मॉडेल के-एप्सिलॉन (के म्हणजे चढउतारांची ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती विरण्याचा दर), भिंतीशी वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर न सोडवता ठरीव सूत्राने धरायचा), आणि कणांसाठी सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं रँडम वॉक (हवेचे धक्के यादृच्छिक संख्यांनी द्यायचे). सिम्युलेशन म्हणतं ३५ टक्के कण भिंतीवर बसले. प्रयोगात मिळतो एक-दीड टक्का. भिंतीपाशी मेश (गणनेची जाळी) बारीक करून एसएसटी हे थेट भिंतीपर्यंत सोडवता येणारं मॉडेल लावलं तर ३५ चे २० झाले, पण पुढे आकडा हलत नाही. आता कणांची संख्या वाढवावी की टाइम स्टेप कमी करावी, असं विचारलंय.

दोन्हींनी काही साधणार नाही. कण वाढवलेत तर चुकीचाच आकडा जास्त नेमका मिळेल, एवढंच. घोळ आहे तो भिंतीला लंब असलेल्या वेगात. तुमचं मॉडेल तिन्ही दिशांतले चढउतार सारखेच धरून चालतं, आणि भिंतीलगतच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरात हे गृहीतक काही ठिकाणी दुपटीने, काही ठिकाणी पन्नास पटींनी खोटं ठरतं. कण बसणार की निसटणार याचा फैसला नेमका त्याच पट्ट्यात होतो. आकडे मांडल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून तुमचाच पाइप घेऊ.

हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १.५ गुणिले १० चा उणे पाचवा घात (चौरस मीटर प्रति सेकंद) धरली तर रेनॉल्ड्स अंक ३३ हजारांच्या थोडा वर येतो. ब्लासियसच्या सूत्राने फॅनिंग घर्षणांक ०.००५८५. त्यावरून घर्षण-वेग, म्हणजे आपला यू-टाऊ, ०.५४ मीटर प्रति सेकंद. व्हिस्कॉसिटीला यू-टाऊने भागलं की भिंतीजवळ लांबी मोजायचं माप मिळतं: साधारण २८ मायक्रॉन. हे झालं एक प्लस एकक; या एककांत मोजलेलं भिंतीपासूनचं अंतर म्हणजे वाय-प्लस. म्हणजे वाय-प्लस ५ हे भिंतीपासून ०.१४ मिलिमीटरवर, वाय-प्लस ३० हे ०.८३ मिलिमीटरवर, आणि पाइपचा मध्य ९०० एककांवर. वेळेचं मापही असंच निघतं: व्हिस्कॉसिटी भागिले यू-टाऊचा वर्ग, ५१ मायक्रोसेकंद. आता कण. ५ मायक्रॉनच्या कणाचा प्रतिसाद-काळ, म्हणजे हवेच्या वेगाशी जुळवून घ्यायला त्याला लागणारा वेळ, ७७ मायक्रोसेकंद. ५१ ने भागा: टाऊ-प्लस १.५. हे आकडे एका कागदावर लिहून समोर ठेवा, पुढे सारखे लागतील.

भिंतीजवळ खरोखर काय चाललेलं असतं? रेनॉल्ड्सने १८९५ मध्ये वेगाचे दोन भाग पाडले, सरासरी आणि तिच्याभोवतीचा चढउतार. तेव्हापासून आपण सगळे त्या दुसऱ्या भागाच्या मागे आहोत. तीन घटक: प्रवाहाच्या दिशेने यू-डॅश, भिंतीला लंब व्ही-डॅश, आणि आडवा डब्ल्यू-डॅश. सरासरी प्रवाहातून ऊर्जा मिळते ती थेट फक्त यू-डॅशला. सरासरी वेगाचा उतार आणि यू-व्ही ताण (यू-डॅश आणि व्ही-डॅश यांच्या गुणाकाराच्या सरासरीतून येणारा) यांचा गुणाकार म्हणजे ही निर्मिती. ती वाय-प्लस १२ च्या आसपास, जिथे व्हिस्कस ताण आणि टर्ब्युलंट ताण बरोबरीचे होतात तिथे, सर्वांत जास्त असते. प्लस एककांत तिची वरची मर्यादा पाव. बाकी दोन घटक दाबाच्या चढउतारांमार्फत यू-डॅशकडून उसनवारी करतात. आणि भिंतीपाशी या उसनवारीत व्ही-डॅशच्या वाट्याला फारच कमी येतं, कारण भिंतीवर आदळणारी हवा आरपार जाऊ शकत नाही, ती आडवी पसरते. तिची ऊर्जा डब्ल्यू-डॅशकडे जाते.

हे बारकाईने पहिल्यांदा दिसलं ते १९८७ मध्ये. नासाच्या एम्स केंद्रात किम, मोइन आणि मोझर यांनी दोन समांतर भिंतींमधला प्रवाह कोणतंही टर्ब्युलन्स मॉडेल न वापरता थेट सोडवला. घर्षण-वेगावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक १८०, मेशमध्ये साधारण ४० लाख बिंदू. आज एखाद्या चांगल्या वर्कस्टेशनवर बसेल एवढंच ते गणित, पण त्यातली वक्रं अजून आपण रोज वापरतो. यू-डॅशचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) वाय-प्लस १५ च्या आसपास शिखर गाठतो, यू-टाऊच्या सुमारे २.७ पट. त्याच ठिकाणी व्ही-डॅश जेमतेम ०.४. व्ही-डॅशचं शिखर बऱ्याच वर, वाय-प्लस ५५-६० ला येतं, आणि तेही ०.८५ च्या आतच.

भिंतीच्या आणखी जवळ गेलात तर फरक नुसता आकड्यांचा राहत नाही, वक्राचा आकारच बदलतो. भिंतीवर तिन्ही वेग शून्य. यू-डॅश आणि डब्ल्यू-डॅश भिंतीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतात. पण भिंतीवर सगळीकडेच यू आणि डब्ल्यू शून्य असल्यामुळे भिंतीला समांतर दिशांतले त्यांचे उतारही तिथे शून्य. मग सातत्याच्या समीकरणाने व्ही-डॅशचा लंब दिशेतला उतारसुद्धा शून्य. म्हणून व्ही-डॅश अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर निम्मं झालं की यू-डॅश निम्मा होतो, व्ही-डॅश पाव होतो. या एका ओळीत तुमच्या ३५ टक्क्यांचं मूळ आहे.

आता मॉडेल काय करतं ते बघू. रँडम वॉकची ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गॉस्मन आणि इयोनिडिस यांच्या कामातून रूढ झाली आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आजही तशीच आहे. कण एका भोवऱ्यात शिरतो. त्या भोवऱ्याचा चढउतार म्हणजे दोन-तृतीयांश के चं वर्गमूळ, गुणिले गॉसियन यादृच्छिक संख्या, प्रत्येक दिशेला वेगळी. भोवऱ्याचं आयुष्य संपलं की नवी संख्या काढायची. पाइपच्या मध्यभागी, किंवा मोठ्या खोलीतल्या हवेसाठी, हे ठीकच आहे. त्याला उगाच नावं ठेवू नयेत. भिंतीपाशी मात्र के चा मोठा हिस्सा यू-डॅशचा असतो, आणि मॉडेल त्यातला तिसरा भाग बिनदिक्कत व्ही-डॅशच्या खात्यावर टाकतं.

वॉल फंक्शनमध्ये गोष्ट आणखी बिघडते. तिथे के चं मूल्य लॉग थराच्या (जिथे सरासरी वेग अंतराच्या लॉगरिदमने वाढतो त्या थराच्या) हिशोबाने ठरतं: मॉडेलचा स्थिरांक सी-म्यू ०.०९, म्हणजे के-प्लस ३.३३, म्हणजे प्रत्येक दिशेला १.४९ यू-टाऊ. आपल्या पाइपमध्ये ०.८ मीटर प्रति सेकंद. लॉग थरातसुद्धा खरा व्ही-डॅश यू-टाऊच्या आसपास असतो, तेव्हा दीडपट चूक तिथेच झाली. पण पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस ३० वर ठेवायचा म्हणून तो सेल भिंतीपासून ६० एककांपर्यंत पसरलेला असतो. व्हिस्कस सबलेयर (अगदी भिंतीलगतचा थर), बफर थर (त्याच्या आणि लॉग थराच्या मधला), जे काही भिंतीजवळ घडतं ते सगळं त्या एका सेलच्या पोटात. आणि त्या सेलमध्ये कण कुठेही असो, त्याला ०.८ चाच धक्का.

एक कण भिंतीपासून ५० मायक्रॉनवर आणून ठेवा. वाय-प्लस १.८. खरी हवा तिथे लंब दिशेला साधारण दीड सेंटिमीटर प्रति सेकंद एवढीच हलते (व्ही-डॅशचा सहगुणक ०.००९ धरून). या वेगाने सुटलेला आपला कण हवेच्या विरोधामुळे थांबेपर्यंत जेमतेम एक-सव्वा मायक्रॉन सरकेल. मॉडेलमध्ये त्याच कणाला ८० सेंटिमीटर प्रति सेकंदाचा झटका मिळतो. तो एका दमात ६० मायक्रॉन जाईल, म्हणजे भिंत गाठूनच थांबेल. शिवाय मॉडेलमधला भोवरा तेवढ्यात विरत नाही. के भागिले एप्सिलॉन गुणिले ०.१५ हा नेहमीचा काळ घेतला आणि भोवऱ्याचं आयुष्य त्याच्या दुप्पट धरलं तर ०.६ मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात भोवरा कणाला अर्धा मिलिमीटर वाहून नेतो. भिंतीपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलेल्या आणि त्या क्षणी भिंतीकडे तोंड असलेल्या प्रत्येक कणाचा निकाल एका भोवऱ्यात लागला.

यातून आणखी एक लक्षण समजतं, जे तुम्ही तपासून बघा. १ मायक्रॉनचे कण घाला, २ चे घाला, ५ चे घाला: बसणाऱ्या कणांचा आकडा फारसा बदलणार नाही. प्रतिसाद-काळ भोवऱ्याच्या आयुष्यापेक्षा बराच कमी असलेला कुठलाही कण त्या खोट्या भोवऱ्याबरोबर भिंतीपर्यंत जातोच. निक्षेपाचा वक्र, म्हणजे आकारानुसार बसणाऱ्या कणांचा आलेख, असा सपाट दिसला की व्ही-डॅश चुकला आहे असं खुशाल समजावं. खऱ्या प्रवाहात या टप्प्यात वक्र झपाट्याने चढतो. १९७४ मध्ये लिऊ आणि अगरवाल यांनी काचेच्या नळीत ऑलिव्ह तेलाच्या थेंबांवर केलेली मापनं अजूनही सगळे ताडून बघायला वापरतात. त्यावर बसवलेलं सूत्र: निक्षेप-वेग (भिंतीवर येणारा कणांचा ओघ भागिले हवेतली कणांची घनता, यू-टाऊच्या पटीत) बरोबर ०.०००६ गुणिले टाऊ-प्लसचा वर्ग, साधारण टाऊ-प्लस ०.२ पासून १५-२० पर्यंत. त्यापुढे तो ०.१ च्या जरा वर जाऊन स्थिरावतो. तुमच्या टाऊ-प्लस १.५ ला निक्षेप-वेग येतो ०.०००७४ मीटर प्रति सेकंद, आणि २ मीटर पाइपमध्ये बसणारे कण १.२ टक्के. तुमचा प्रयोग बरोबर आहे. सिम्युलेशनचे ३५ टक्के उलट मोजले तर निक्षेप-वेग ०.०५ यू-टाऊ निघतो, म्हणजे सुमारे सदतीस पट.

जाता जाता: पाइप उभा आहे हे बरं झालं. याच कणाचा गुरुत्वाने खाली बसण्याचा वेग ०.०००७६ मीटर प्रति सेकंद, टर्ब्युलंट निक्षेप-वेगाएवढाच. पाइप आडवा असता तर दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळले असते आणि कोणता किती हे सांगणं कठीण गेलं असतं.

मग मेश बारीक करून एसएसटी लावल्यावर २० वरच का अडकलं? के आता भिंतीपर्यंत उतरतो; खऱ्या प्रवाहात तो अंतराच्या वर्गाने उतरतो. पण त्याचं वर्गमूळ अंतराच्या पहिल्या घाताने उतरतं, आणि आपल्याला हवा होता दुसरा घात. डीएनएसच्या, म्हणजे वर सांगितलेल्या मॉडेलविना थेट सोडवलेल्या प्रवाहाच्या, वक्रांवरून ताडून बघा. वाय-प्लस ३० ला दोन-तृतीयांश के चं वर्गमूळ साधारण १.४५, खरा व्ही-डॅश ०.७५, दुप्पट. वाय-प्लस ५ ला ०.९५ विरुद्ध ०.११, आठ-नऊ पट. वाय-प्लस १ ला पंचवीस पट किंवा त्याहून जास्त. भिंतीच्या जितकं जवळ जाल तितकी चूक पटीत वाढतच जाते. मेश कितीही बारीक केलीत तरी यात सुधारणा होणार नाही, कारण चूक मेशची नाहीच.

आता करायचं काय. तुमच्या कामासाठी मी मेश आताच्यासारखीच बारीक ठेवेन (पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस १ च्या आत), एसएसटी ठेवेन, आणि कणांना मिळणारा व्ही-डॅश यूडीएफमधून (सॉफ्टवेअरला जोडायच्या आपल्या कोडमधून) स्वतः देईन. त्यासाठी कॅलिओ आणि रीक्स यांनी १९८९ मध्ये वापरलेलं सूत्र सोयीचं आहे: अंशात ०.००५ गुणिले वाय-प्लसचा वर्ग. छेदात १ अधिक ०.००२९२३ गुणिले वाय-प्लसचा २.१२८ वा घात; उत्तर यू-टाऊच्या पटीत. वाय-प्लस ५ ला ते ०.११५ देतं, ३० ला ०.८९, १०० ला ०.९३. बफर थरात ते डीएनएसपेक्षा थोडं जास्त आणि भिंतीच्या अगदी जवळ थोडं कमी आहे, पण आकार बरोबर आहे. यू-डॅश आणि डब्ल्यू-डॅशसाठीही वक्र देता येतात. तुमच्या सरळ पाइपमध्ये त्यांनी निकालात फारसा फरक पडणार नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका. भिंतीपासूनचं अंतर सॉल्व्हर देतोच. यू-टाऊ मात्र कणाच्या जवळच्या भिंतीवरचा घ्या. सगळ्या पाइपचा सरासरी यू-टाऊ घेऊन मोकळे होणारे बरेच असतात, आणि सरळ पाइपमध्ये ते खपूनही जातं, पण बेंड आला की तोच कोड गुपचूप चुकीची उत्तरं देऊ लागतो.

काळाचंही बघावं लागेल. के भागिले एप्सिलॉन भिंतीपाशी शून्याकडे जातं, कारण के शून्य होतो आणि एप्सिलॉन होत नाही. तेव्हा ०.१५ वालं सूत्र तिथे लावलं की भोवरे क्षणात संपतात. कॅलिओ-रीक्स वाय-प्लस ५ च्या आत काळ १० प्लस एकक स्थिर धरतात, म्हणजे तुमच्याकडे अर्धा मिलिसेकंद, आणि त्यापुढे तो अंतराबरोबर वाढवत नेतात. टाइम स्टेप या अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा आणि कणाच्या ७७ मायक्रोसेकंदांपेक्षा लहान हवी. तुमचा टाइम स्टेपचा प्रश्न इथे येऊन उपयोगी पडतो.

आणि आता खरी मेख, जी यूडीएफ लिहिणारे नेहमी विसरतात. व्ही-डॅश जागोजागी बदलत असेल आणि तुम्ही नुसत्या यादृच्छिक संख्या काढत राहिलात, तर कण जिथे खळबळ कमी तिथे आपोआप गोळा होतात. खळबळीच्या भागातून बाहेर फेकले जातात, शांत भागातून परत यायला त्यांच्याकडे जोर नसतो. जड कणांच्या बाबतीत असा ओघ खरोखरच असतो. त्याला टर्बोफोरेसिस म्हणतात, आणि तुमच्या निक्षेपात त्याचा मोठा वाटा आहे. पण अगदी हलक्या, हवेबरोबरच वाहणाऱ्या कणांच्या बाबतीत असं होताच कामा नये. हवा स्वतः भिंतीपाशी साठत नाही, मग तिच्याबरोबर फिरणारा बिंदू कसा साठेल? मॉडेलमध्ये तो साठतो. हा निव्वळ गणिती दोष आहे. उपाय म्हणजे लँजेव्हिन समीकरण (यादृच्छिक धक्के आणि त्यांचं विरणं एकत्र मांडणारं) व्ही-डॅशला त्याच्या स्थानिक आरएमएसने भागून लिहायचं आणि त्यात आरएमएसच्या उताराएवढी ओघाची दुरुस्ती घालायची. कणाला जडत्व असेल तर ही दुरुस्ती १ अधिक स्टोक्स अंक (कणाचा प्रतिसाद-काळ भागिले भोवऱ्याचा काळ) याने भागायची.

कोड बरोबर आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे, आणि ती दिल्याशिवाय मी कुणाचेही निक्षेपाचे आकडे बघत नाही. पाइपमध्ये वस्तुमान नसल्यासारखे, प्रतिसाद-काळ शून्याच्या जवळ असलेले बिंदू सगळीकडे सारख्या घनतेने पेरा. भिंतीवरून ते परत उसळतील अशी अट लावा, चिकटू देऊ नका. मग सिम्युलेशन बराच वेळ चालवा आणि शेवटी त्रिज्येनुसार घनता काढा. सपाट रेघ आली पाहिजे. भिंतीपाशी ढीग दिसला तर दुरुस्तीचं चिन्ह किंवा तिचा सहगुणक चुकला आहे. वातावरणातल्या प्रदूषणाची मॉडेलं करणाऱ्यांकडे ही अट थॉमसनच्या १९८७ च्या कामापासून पायाभूत मानली जाते. आपल्याकडे, यंत्र अभियांत्रिकीत, ती अजून ऐच्छिक विषयासारखी वागवली जाते.

स्वतः वक्र घालायला मन घेत नसेल तर डर्बिनचं १९९१ चं व्ही-वर्ग-एफ मॉडेल बघा. त्यात लंब घटकासाठी वेगळं समीकरण आहे आणि भिंतीचा अडथळा एका दीर्घवृत्तीय समीकरणातून आत येतो. व्ही-वर्गाचं वर्गमूळ थेट व्ही-डॅश म्हणून वापरता येतं. बेंड, अचानक रुंद होणारे भाग, वेगळा होणारा प्रवाह असेल तिथे हा मार्ग मला जास्त आवडतो, कारण सरळ भिंतीचा डीएनएस वक्र तिथे लावणं म्हणजे ओढूनताणून आणणं. रेनॉल्ड्स-स्ट्रेस मॉडेल (ताणाच्या प्रत्येक घटकाला वेगळं समीकरण देणारं) ऐकायला योग्य वाटतं, पण वॉल फंक्शनसह चालवलंत तर पहिल्या सेलचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. एलईएससुद्धा (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) करता येईल. प्रवाहाच्या दिशेला ४० आणि परिघावर १५ प्लस एककांचे सेल धरले, त्रिज्येत ७० थर, तर २ मीटरच्या पूर्ण पाइपला पावणेपाच-पाच कोटी सेल लागतात. आखूड, आवर्ती सीमेचा तुकडा घेतलात तर साठ-सत्तर लाखांत भागेल. एका गुळगुळीत सरळ पाइपच्या आकड्यासाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. खरं तर तेवढाच आकडा हवा असेल तर सिम्युलेशनही नको, वरचं ०.०००६ वालं सूत्र आणि कॅल्क्युलेटर पुरे.

यातलं कुठलंही एकबिंदू (प्रत्येक ठिकाणची फक्त सरासरी धरणारं) मॉडेल तुम्हाला एक गोष्ट दाखवणार नाही: कण भिंतीवर आणि भिंतीजवळ पट्ट्यापट्ट्यांनी जमतात. १९६७ मध्ये स्टॅनफर्डला क्लाइन आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी दाखवलेले मंद वेगाचे पट्टे एकमेकांपासून सरासरी १०० प्लस एककांवर असतात. तुमच्या पाइपमध्ये २.८ मिलिमीटर. मंद हवा अधूनमधून भिंतीपासून उसळते, वेगवान हवा आत झेपावते, आणि यू-व्ही ताणाचा बराच भाग या थोड्याशा घटनांमधून येतो. त्या किती वेळाने घडतात यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, नरसिंह आणि बद्री नारायणन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आजही उद्धृत होतं. भिंतीपाशी घडणाऱ्या या उसळ्यांची वारंवारता भिंतीच्या मापांनी नाही, तर सीमास्तराची पूर्ण जाडी आणि बाहेरचा वेग यांनी ठरते, असं त्यांच्या मापनांतून निघालं. तेव्हा ते अनेकांना विचित्र वाटलं होतं.

त्या विचित्रपणाचा धागा पुढे बराच लांब गेला. मेलबर्नमध्ये मॅथिस, हचिन्स आणि मरुसिक यांनी दाखवलं की लॉग थरातल्या लांबच लांब संरचना भिंतीजवळच्या यू-डॅशवर दोन प्रकारे परिणाम करतात: आपला ठसा थेट तिथे उमटवतात, आणि तिथल्या बारीक चढउतारांचा आवाका कमी-जास्त करतात. २०१० मध्ये त्यांनी याचं मॉडेल दिलं. भिंतीजवळचा एक सार्वत्रिक संकेत घ्या, त्याला १ अधिक बीटा गुणिले बाहेरचा मोठ्या मापाचा वेग याने गुणा, आणि त्यात अल्फा गुणिले तोच वेग मिळवा. बाहेर एका ठिकाणी मापलेल्या वेगावरून भिंतीजवळच्या यू-डॅशची आकडेवारी मिळते. भिंतीवरच्या ताणाचे सेन्सर, प्रवाहाने होणारा आवाज, असं काही करणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे. पण ते यू-डॅशचं मॉडेल आहे. निक्षेपासाठी त्याचा आधार घेऊन कुणी तुम्हाला काही विकत असेल तर व्ही-डॅश कुठून आणला, एवढंच विचारा.

यू-डॅशच्या त्या शिखराबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण तुलनेच्या वेळी गोंधळ होतो. ते शिखर रेनॉल्ड्स अंकाबरोबर हळूहळू वाढतं. ली आणि मोझर यांच्या २०१५ च्या डीएनएसमध्ये, घर्षण-वेगावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक ५,२०० च्या जवळ असताना, यू-डॅशच्या वर्गाची सरासरी ९ च्या थोडी वर जाते. १८० ला ती ७ होती. ही वाढ लॉगरिदमने अखंड चालू राहते की कुठेतरी थांबते यावर वाद आहे. श्रीनिवासन (जे मूळचे नरसिंहांचेच विद्यार्थी) आणि चेन यांच्या मते ती ११.५ च्या पलीकडे जात नाही. तुमच्या ९०० ला दोन्ही बाजू जवळपास ८ च सांगतात, तेव्हा या वादात तुम्हाला पडायचं कारण नाही. पण प्रयोगशाळेत हॉट-वायरने (तापवलेली बारीक तार किती थंड होते यावरून वेग मोजणाऱ्या उपकरणाने) मापलेलं शिखर याहून बरंच बुटकं आलं तर लगेच मॉडेलला दोष देऊ नका. १ मिलिमीटरची तार तुमच्या पाइपमध्ये ३६ प्लस एकक लांब होते. २० च्या वर गेली की ती बारीक चढउतार स्वतःच्या लांबीभर सरासरीत बुडवून टाकते. शिवाय वाय-प्लस ३-४ च्या खाली तारेची उष्णता थेट भिंतीला जाते आणि वेग खोटा दिसतो.

यूडीएफ चालू झाला, बिंदूंची परीक्षा पास झाली, की आधी ५ मायक्रॉनवर न थांबता टाऊ-प्लस ०.५ पासून २० पर्यंत सात-आठ आकारांचे कण चालवा आणि लॉग-लॉग आलेखावर लिऊ-अगरवाल यांच्या बिंदूंशेजारी मांडा. उतार दोनच्या जवळ आला पाहिजे. आकडा दीड-दोन पट इकडेतिकडे असेल तर चालेल, प्रयोगांचा आपापसातला फरकही कमी नाही. उतारच चुकला असेल तर काळाचं सूत्र आणि ओघाची दुरुस्ती पुन्हा तपासा. टाऊ-प्लस ०.२ च्या खाली जाऊ नका. तिथे ब्राउनियन गती आणि तापमानातला फरक यांचं राज्य सुरू होतं आणि त्यासाठी वेगळे बल-घटक चालू करावे लागतात.

आणि हे सगळं कारखान्यातल्या पाइपला लावण्याआधी पाइप आतून कसा आहे ते बघून घ्या. साध्या व्यावसायिक स्टीलचा खडबडीतपणा ४५ मायक्रॉन धरतात. तुमच्या मापात १.६ प्लस एकक. घर्षणाच्या हिशोबाने असा पाइप गुळगुळीतच गणला जातो, दाबाच्या नुकसानीत फरकही दिसणार नाही. पण ५० मायक्रॉनवरचा तो आपला कण आठवा: त्याला आता भिंत गाठायला ५० मायक्रॉन जायचं नाही, पाचच जायचं आहे. गुळगुळीत काचेचं सूत्र तिथे निक्षेप बराच कमी दाखवेल. यूडीएफमध्ये कण पकडायची सीमा भिंतीवर न ठेवता खडबडीतपणाच्या टोकांशी, म्हणजे वाय-प्लस १.६ वर ठेवून एकदा चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.